हरतालिकेची पत्री आणि काळी खपली

मारबत, म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाते असं मानतात तो पुतळा, जाळून दोनच दिवस झाले होते. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत अर्धं नागपूर घसा कोरडा करतं. पण ती मिरवणूक निघते इतवारी-महालात आणि आमचा ले-आऊट पार बेसा रोडच्या आत. इकडचीही रोगराई न्यायची असते हे तिला कुणी सांगितलं नसावं.

हरतालिकेच्या सकाळी मी परडी घेऊन शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गेले. या प्लॉटचा मालक आम्ही बारा वर्षांत पाहिलेला नाही. पावसाळ्यात तिथं छातीएवढं गवत होतं. तरोटा, गाजरगवत, रुई, धोतरा, कडेला आघाडा, आणि मध्ये कुणाच्या तरी बांधकामाचा मलबा: फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या. सासूबाईंचं म्हणणं असं, की एवढी पत्री दारात उगवते तर बर्डीवरच्या बाजारात जाऊन पैसे का मोजायचे? मलाही ते पटलेलं होतं. आघाडा उभ्यानं तोडता येतो, पण दुर्वा बसूनच खुडाव्या लागतात. निर्जळी उपास, त्यात कंबर भरून आली म्हणून विटांच्या ढिगाला पाठ टेकून मी चांगली अर्धा तास बसले. मध्येच ढिगातून चुंचुं करत एक चिचुंद्री निघाली आणि भिंतीच्या कडेनं सरळ रेषेत पळाली. तिच्याकडे मी एकदाच पाहिलं असेल. एवढं मला आज आठवतं, कारण नंतर लोकांनी ते मला इतक्यांदा विचारलं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी लुगडं नेसताना डाव्या कमरेखाली, नेमका सलवारीचा नाडा येतो तिथं, एक बारीक फोड लागला हाताला. म्हटलं नाड्याचा काच असेल. हळद लावली आणि विसरले. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. घरात सोळा भाज्या, चाळीस पानं आणि दोन महालक्ष्म्या बसलेल्या असताना न दुखणाऱ्या फोडाला कोण विचारतो.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी शाळेत सहाव्या तासाला हुडहुडी भरली. फळ्यावर समास लिहीत होते, खडू हातातून पडला. घरी येईपर्यंत १०३. डोकं असं दुखायचं की डोळे फिरवले तरी आत कुणीतरी मुसळ घालतंय असं वाटे. आमचे फॅमिली डॉक्टर भले माणूस, वीस वर्षांचा घरोबा. त्यांनी मोसमाप्रमाणे आधी डेंग्यू आणि मलेरिया तपासायला सांगितलं. दोन्ही निगेटिव्ह. मग विडाल तपासणीत काहीतरी थोडं वर आलं आणि टायफॉईडचं नाव निघालं. गोळ्या सुरू झाल्या, सेफिक्सिम. टायफॉईड म्हटल्यावर घरच्यांना जरा हायसंच वाटलं. ओळखीचा आजार, मुगाचं वरण खा, बाहेरचं खाऊ नका.

ताप मात्र हलेना. पाचव्या दिवशी प्लेटलेट ९२ हजारांवर आले आणि घरात एकच धावपळ. यांनी चार किवी आणले. एक किवी केवढ्याला हे मी तापातही विचारलं. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. तो रस तोंडात धरून मी न्हाणीघरापर्यंत पोचले आणि सोडून दिला. काकूंना मी ते अजून सांगितलेलं नाही. सहाव्या दिवशी खोकला लागला, दोन पायऱ्या चढले की धाप. बोटाला लावायच्या त्या चिमट्यानं ९१ दाखवलं, तेव्हा यांनी गाडी काढली.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, धंतोलीत कोपऱ्याकोपऱ्यावर असतात त्यांतला एक. सलाइन, ऑक्सिजन, छातीचा फोटो. यकृताचे आकडेही वाढलेले निघाले. सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं सुरू झाली. राऊंडला येणारे मोठे डॉक्टर नम्र होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? नाही. घरात आणखी कुणाला ताप? नाही. कुठं प्रवास, गावाला, शेतावर, जंगलात? नाही. माझं एकही उत्तर खोटं नव्हतं. बारा वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेला प्लॉट नंबर ४७ हा काही प्रवास नव्हे, आणि त्याला जंगल म्हणावं असं माझ्या डोक्यात तरी कसं येणार? जंगल म्हणजे पेंच, ताडोबा. जंगली जनावर म्हणजे वाघ. आम्हा नागपूरकरांना त्याच्याखाली काही दिसतच नाही.

माझी नणंद वर्ध्याला असते. महालक्ष्म्या आटोपून ती परत गेली होती, माझं कळल्यावर पुन्हा आली. दवाखान्यातल्या आठव्या दिवशी (तापाच्या म्हणते मी, दवाखान्याचा तिसरा) संध्याकाळी ती माझं अंग पुसून देत होती. नर्सकडून मी पुसून घ्यायला तयार नव्हते, आणि घेतलं तरी गाऊन कमरेच्या खाली सरकू द्यायची नाही. ही मात्र घरचीच. मांडीपाशी तिचा हात थांबला.

“वहिनी, तुमच्या जांघेत अवधाण आलं आहे ना? केवढी गाठ आहे ही.”

“आहे चार दिवसांपासून.”

“मग डॉक्टरला सांगितलं काऊन नाही?”

काय सांगणार? चार पुरुष डॉक्टर पलंगाभोवती उभे असताना जांघ हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. वर्गात मी बेधडक बोलते, अश्लील शिव्यांची व्युत्पत्तीसुद्धा दहावीला एकदा सांगून झालेली आहे. तिथं मात्र निघाला नाही.

ती अवधाणाचं कारण शोधायला लागली. ही आमच्याकडची जुनीच रीत, अवधाण आलं की त्या पायाला कुठं काटा, कुठं ठेच, कुठं गळू ते बघायचं. तळपाय पाहिले, घोटे पाहिले. मग गाऊन वर सरकवला आणि म्हणाली, “हे काय व माय काळं?”

मी मान वळवून पाहिलं. महालक्ष्म्यांच्या दिवशीचा तो फोड. आता वाटाण्याएवढी खपली झालेली, मध्ये काळीकुळकुळीत, कडेला लालसर कंगोरा. उदबत्तीचा चटका बसावा तशी. बोट लावलं तरी दुखत नव्हती.

नणंदेनं कुणाला विचारलं नाही. सरळ बाहेर गेली आणि रात्रपाळीची डॉक्टर धरून आणली. पंचविशीतली मुलगी, वेणी, पायात प्लास्टिकच्या चपला, डोळ्यांवर झोप. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला, वाकली, आणि त्या झोपेचं काय झालं कुणास ठाऊक.

“मॅडम, हे कधीपासून आहे?”

“महालक्ष्म्यांपासून.”

“त्याआधी गवतात बसल्या होत्या का? शेतात, बागेत, कुठंही?”

आणि मग मला एकदम पत्रीची परडी आठवली. विटांचा ढीग आठवला. हरतालिका ते ताप, तिनं बोटांवर दिवस मोजले. दहा. “बसतं,” ती म्हणाली. चावल्यापासून सहा ते एकवीस दिवसांत ताप येतो, बहुतेकदा दहा-बारा दिवसांतच. “मॅडम, हा टायफॉईड नाही. टायफस आहे. स्क्रब टायफस.”

मराठीच्या बाईला तिनं शेवटच्या अक्षरांचा फरक सांगावा हे मला त्या तापातही लागलं. टायफॉईड, टायफस. एक दूषित पाण्या-अन्नातून येतो, दुसऱ्याचा पाण्याशी काडीचा संबंध नाही.

तिनं त्याच रात्री मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासणीला पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. मी विचारलं, सात-आठ दिवस एवढी महागडी अँटिबायोटिकं चालू आहेत त्यांचं काय? ती पलंगाच्या कडेला टेकून बोलली. हे माझ्या इतकं लक्षात आहे, कारण त्या आठवड्यात बसून बोललेली ती पहिलीच डॉक्टर. म्हणाली, पेनिसिलिनच्या आणि सेफॅलोस्पोरिनच्या कुळातली औषधं, तुमची आतापर्यंतची त्यातलीच, जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात. या जंतूला तशी धड भिंतच नाही, आणि तो आपल्या पेशींच्या आत घुसून राहतो. भिंत पाडणारा गवंडी बोलावला आणि घराला भिंतच नाही, असं झालं. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत शिरतं आणि जंतूचं प्रथिन बनवणंच बंद पाडतं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी खपली स्वतः पाहिली, आणि सोबतच्या सगळ्या ज्युनियरांना, माझी परवानगी विचारून, एकेक करून दाखवली. लाज केव्हाच गेली होती. “हे बघा, हे दिसलं की निदान झालं. पण कपडे काढून शोधावं लागतं. काख, जांघ, स्तनांच्या खाली, कमरपट्ट्याची जागा, कानाच्या मागे. आणि सगळ्यांना असतेच असं नाही.” मला म्हणाले, फुप्फुसं आणखी बिघडली असती तर शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही द्यावं लागलं असतं, गंभीर रुग्णांना दोन्ही मिळून जास्त उपयोगी पडतात असं वेल्लोरच्या पुढाकारानं झालेल्या मोठ्या चाचणीत २०२३ साली दिसलं आहे. त्यांनी आधी खपली का शोधली नाही, हे मी विचारलं नाही. मीच ती लपवून बसले होते.

औषध सुरू झाल्यावर दीड दिवसानं पहाटे चारला घामानं उशी भिजली आणि मी जागी झाले. डोकं हलकं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, इतके दिवस तो डोक्याच्याच आवाजात मिसळलेला होता. भूक लागली होती. नणंदेला उठवून म्हटलं, मला गोळाभात पाहिजे, वरून हिंगाचं तेल. ती म्हणाली, “झोपा आता गुमान,” आणि रडायला लागली.

एक मूर्खपणा माझ्याकडून झाला तोही सांगते. कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. तिसऱ्या रात्री घोटभर पाण्यावर गिळली आणि लगेच पसरले. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली, तिथंच विरघळली, आणि पुढचे चार दिवस वरणाचं पाणी गिळतानाही छातीत निखारा. आमच्या घरात आता प्रत्येकजण कुठलीही गोळी उभ्यानं घेतो.

रक्ताचा रिपोर्ट मी घरी आल्यावर आला. आयजीएम एलायझा, म्हणजे या जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह. त्याआधी दवाखान्याच्या लॅबनं एक स्वस्तातली जुनी तपासणीही केली होती, वाइल-फेलिक्स, ती निगेटिव्हच होती. तिची गंमत मला रात्रपाळीच्या डॉक्टरनं सांगितली. त्या तपासणीत स्क्रब टायफसचा जंतू वापरतच नाहीत. प्रोटियस नावाच्या भलत्याच जंतूचा एक वाण वापरतात, का, तर त्याच्या अंगावरची एक खूण याच्याशी जुळते. म्हणजे चोर ओळखायला चोराच्या तोंडावळ्याच्या तिऱ्हाइताला उभं करायचं. कधी साधतं, बरेचदा चुकतं. आणि नेमक्या चोराचं नाव? ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. आधी त्याला रिकेट्सिया नावाच्या जंतूंच्या घरातच धरत, १९९५ साली त्याचं बिऱ्हाड वेगळं केलं. सुत्सुगा म्हणजे जपानीत पीडा, मुशी म्हणजे किडा. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. मी रिपोर्ट हातात घेऊन हसले तेव्हा यांना वाटलं ताप पुन्हा डोक्यात गेला.

बिल झालं ८५ हजार. डॉक्सिसायक्लिनच्या सगळ्या कॅप्सूल मिळून त्यात दोनशे रुपयेही नव्हते. ते बिल मी फाइलमध्ये लावलं नाही, फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं आहे. लोक विचारतात, मी सांगते.

माझा भाचा सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकतो. १९५८ पासूनचं कॉलेज आहे ते. आम्ही मात्र त्याला इतकी वर्षं गाई-म्हशींचा डॉक्टर म्हणून चिडवत होतो. तो रविवारी भेटायला आला आणि आमचीच शिकवणी घेऊन गेला. चावला तो उंदीर नव्हे, चिचुंद्रीही नव्हे. चावतो तो चिगर, म्हणजे एका मातीतल्या माइटचं, गोचिडाच्या नात्यातल्या बारीक जिवाचं, पिल्लू. मिलिमीटरच्या चौथाईएवढं, सहा पायांचं. मोठा माइट आठ पायांचा, तो मातीतच राहतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. पिल्लू मात्र आयुष्यात एकदाच कुणाच्यातरी अंगावर जेवतं. गवताच्या टोकाला चढून बसतं, उंदीर जाईल, चिचुंद्री जाईल, पक्षी जाईल, तुझ्यासारखी एखादी मामी बसेल. अंगावर चढलं की चालत राहतं आणि जिथं घट्ट कपडा आडवा येतो तिथं थांबतं. “म्हणून तुझा नाडा.”

मी विचारलं, जेवण एकदाच, तर मग माझ्या आधी त्याला जंतू लागला कुठून? प्रश्न त्याला आवडला. म्हणाला, आईकडून. जंतू माइटच्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. उंदीर-चिचुंद्री म्हणजे त्यांची खानावळ. त्यांच्या अंगावर पिल्लं पोसली गेली की माइट वाढतात आणि जंतूही टिकून राहतो. रानातल्या अशा जनावरांना जंतू लागला तरी बहुधा ती आजारी दिसत नाहीत, ही खरी गोम. लेप्टो म्हणतात त्या तापाच्या जंतूचंही तसंच, तो उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडून असतो, लघवीतून पाण्यात येतो, उंदीर ठणठणीत. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोनं माणसं गेली, तेव्हा उंदरांची साथ काही कुणी ऐकली नव्हती.

“आणि जनावरच मेलेलं सापडलं तर?” यांनी विचारलं.

“तर आधी हात मागे घ्यायचा,” तो म्हणाला. एखादं रानटी गवा-हरीण एकाएकी मेलेलं आहे आणि नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त येतंय, असं असलं तर त्याला फाडायचं नाही, अँथ्रॅक्स असू शकतो. हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू होतात आणि मातीत वर्षानुवर्षं जगतात. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, मग पुढचं. “आमच्याकडे बरंच काही कानावरूनच कळतं, मामी.” तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

आठवडाभरानं आरोग्य खात्याचे चौघं आले. स्क्रब टायफसचा रुग्ण सापडला की परिसर बघायचा असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात याची साथच आली होती, माणसं दगावली होती, पेपरात रोज असायचं. मी ते वाचलं होतं. हळहळले होते आणि पान उलटलं होतं. चौघांनी संध्याकाळी प्लॉटमध्ये आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत पिंजरे मांडले. आत आमिष म्हणून तेलकट भज्याचे तुकडे. सासूबाईंना ते मुळीच रुचलं नाही. एकतर चिचुंद्री घरात लक्ष्मी आणते असं त्या मानतात. शिवाय नुकताच दहा दिवस मखरात मातीच्या उंदीरमामापुढे आपणच मोदक ठेवला, आणि आता हे.

सकाळी सातला ते पिंजरे गोळा करायला आले, तेव्हा मी शाल घेऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसले. नऊ पिंजऱ्यांत एक घूस, एक उंदीर आणि दोन चिचुंद्र्या. चिचुंद्री ही उंदराच्या जातीची नाहीच, किडे खाणाऱ्यांचं तिचं कुळ वेगळं, हे मला त्यांच्यातल्या वयस्क माणसानं ऐकवलं. वर्षानुवर्षं पिंजरे मांडणाऱ्या त्या माणसाच्या बोलण्यात एक प्रकारचा आदर होता तिच्याबद्दल. त्यांनी मास्क, दुहेरी हातमोजे घातले, तिला गुंगी दिली, पांढऱ्या ट्रेवर ठेवली. मी लांबूनच म्हटलं, मला दाखवाल? तो म्हणाला, बाई, तिथूनच पाहा, आणि चिमट्यानं तिचा कान उलगडून माझ्याकडे वळवला.

कानाच्या पाळीच्या आत, मुडपलेल्या जागी, शेंदूर भरल्यासारखं दिसत होतं. केशरी, ओलसर, रवाळ. नीट पाहिल्यावर कळलं की तो शेंदूर म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेले दाणे आहेत, खसखशीहून कितीतरी बारीक. त्यानं मऊ ब्रशनं ते ट्रेवर झटकले. थोडा वेळ काहीच नाही. मग त्या केशरी ठिपक्यांतला एक चालायला लागला.

मला तेव्हा मळमळलं नाही, भीतीही वाटली नाही. नाड्याच्या जागी फक्त खाजलं. जिथं त्या सगळ्या दिवसांत एकदाही खाजलं नव्हतं, तिथं.

त्यांनी मोजणी केली. एका जनावरामागे सरासरी किती चिगर, असा आकडा काढतात, ०.६९ च्या वर गेला की धोका समजतात. आमचा किती आला ते विचारायला मी फोन केला होता, “जास्त आहे” एवढंच उत्तर मिळालं. तेवढं ट्रेमध्ये मलाही दिसलं होतं.

ले-आऊटच्या मीटिंगमध्ये मग दोन तट पडले. एक तट म्हणाला, सरळ विषाच्या वड्या टाका, उंदीरच संपवा. भाच्यानं फोनवर सांगितलं, तसं करू नका, आधी गवत आणि मलबा काढा. खानावळ एकदम बंद झाली तर भुकेली गिऱ्हाइकं दुसरं दार शोधतात. हे ऐकून सासूबाई, ज्या मीटिंगला नुसत्या बसायला आल्या होत्या, एकदम बोलल्या. त्यांच्या आईनं सांगितलेली प्लेगची गोष्ट. घरात उंदीर पडायला लागले की माणसं भांडीकुंडी घेऊन गाव सोडायची, शेतात झोपड्या टाकून राहायची. “उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाकडे येते, हे आमच्या अडाणी माणसांना कळत होतं.” प्लेग म्हणजे जुन्या काळची गोष्ट असं तरुण मंडळींना वाटलं. पण १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामल्यातून प्लेगच्या बातम्या आल्या आणि पाठोपाठ सुरतेहून, ते मला चांगलं आठवतं. तेव्हा मी बी.एड. करत होते आणि वसतिगृहात मेलेला उंदीर दिसला तर किंचाळ्यांनी इमारत हलायची.

वड्या टाकल्या नाहीत. वर्गणी काढून एक जेसीबी आणला, मलबा उचलला, गवत तासलं. मालक त्यानंतर दोन दिवसांनी प्रगटला, बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्या प्लॉटमध्ये कुणाला विचारून शिरलात म्हणून भांडून गेला. खर्चाचं नाव नाही. गवताचं काय, पुढच्या पावसात ते पुन्हा गुडघ्याला लागलंच.

माझा थकवा महिना-दीड महिना टिकला. जिना चढताना कठड्याला धरायची सवय लागली ती दिवाळीपर्यंत. खपली आपोआप गळून पडली, तिथं आता एक फिकट गोल डाग आहे. भाचा म्हणतो की एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, जंतूचे वाण पुष्कळ. म्हणून मागच्या कंपाउंडमध्ये जायचं तरी सलवार मोज्यांत खोचून, अंगाला मच्छरांचं मलम चोळून, आणि आल्यावर कपडे गरम पाण्यात, स्वतः साबणानं अंघोळ. मुलगा मला पाहून म्हणतो, आई सफारीला निघाली.

यंदा हरतालिकेची पत्री मी विकत आणली. बर्डीवर फुटपाथला एक बाई बसली होती, पोतं पसरून, आघाड्याच्या आणि दुर्वांच्या जुड्या ओल्या फडक्याखाली. पंचेचाळिशीची असेल, पाय मातीनं भरलेले. जुडी वीस रुपये.

“कुठून आणता हो ही?”

“हिंगण्याकडून जी. चार वाजता उठतो, गवतात बसून तोडतो. पोरगीबी येते संगं.”

मी पैसे काढता काढता थांबले. तिला सांगितलं, बाई, ताप आला आणि अंगावर कुठं काळी खपली दिसली, कमरेपाशी, काखेत, तर लपवू नका, डॉक्टरला दाखवा, आणि गवतात बसता हे त्याला आवर्जून सांगा. ती ऐकत होती, हातानं जुडीला दोरा गुंडाळत.

“ताप त येतेच जी पावसाळ्यात,” ती म्हणाली. “मागच्या हप्त्यात पोरीले आला होता, गोळी देल्ली, उतरला. आज पुन्हा कणकण हाय म्हणे.”

पोरगी मागे पोत्याच्या सावलीत कुशीवर झोपली होती. मी चप्पल काढली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.